स्पेनमधला सामोरा प्रांत: द्राक्षबागायतदाराने कधी जावं?

दिंडोरीकर:
नमस्कार मंडळी. मुलगी माद्रिदला शिकतेय, तिच्याकडे जायचं घाटतंय. शहरं ती दाखवेलच, मला मात्र वाइनच्या बागा बघायच्यात, त्याही रिओहासारख्या गाजलेल्या भागातल्या नकोत. सामोराकडे कुणी गेलंय का? सौ. शाकाहारी आहे. आणि ऑक्टोबर छाटणी सोडून मला हलता येत नाही.

गोदाकाठ:
दादा, जाच. सप्टेंबरच्या मध्यानंतर जा, तोरो भागात तेव्हा तोडणीचे दिवस असतात आणि छाटणीच्या आत परतता येतं. माद्रिदहून सामोरा वेगवान रेल्वेने दीड तासाच्या आत. तिथून तोरो तीसेक किलोमीटर, दुएरो नदीकाठच्या कड्यावर वसलेलं.

बागेत मांडव शोधू नका. तार नाही, अँगल नाही. वेल सुटी उभी, बुंधा मांडीएवढा, घड जमिनीपासून हातभर वर. दोन वेलींत 3 मीटरपर्यंत अंतर, कारण पाऊस वर्षाला 400 मिलिमीटरच्या आसपासच. मी माती उचलली तर बोटांतून गळून गेली, बरीचशी वाळूच. त्या वाळूनेच या वेली वाचवल्या. 19व्या शतकात फिलॉक्सेरा किडीने युरोपच्या बागा मुळांपासून संपवल्या, पण वाळूत तिचं फारसं चालत नाही. म्हणून तिथे शंभरी ओलांडलेल्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर आहेत, कलम नाही. आपण खाऱ्या आणि अपुऱ्या पाण्यापायी डॉगरिज या दुसऱ्या जातीच्या खुंटावर कलम करणारी माणसं. मला तर त्या बागेतून पाय निघेना. द्राक्षवाल्याने हे एकदा बघावंच.

गावातलं सांता मारिया ला मायोर चर्चही बघा, दारावरच्या दगडी शिल्पांचे जुने रंग अजून टिकून आहेत.

सिन्नरची ताई:
वहिनींच्या जेवणाचं सांगते. फुएन्तेसाउको गावचे काबुली चणे तिकडे नावाजलेले, पण ते बऱ्याचदा मांस घालूनच शिजवतात, आधी विचारा. मेंढीच्या दुधाचं सामोरानो चीज सुरेख, मात्र त्यात बहुधा जनावराचं रेनेट (दूध गोठवायला जनावराच्या पोटातून काढलेला पदार्थ) असतं. कडक पाळत असतील तर नको. अंडं चालत असेल तर बटाट्याचं ऑम्लेट कुठेही मिळतं. दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं नऊनंतर, तेव्हा पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या.

दिंडोरीकर:
ताई, दादा, आभार. सप्टेंबर धरतो. व्हिसाचं कधी बघू?

गोदाकाठ:
स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो, युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच. त्याचा अर्ज 6 महिने आधीपासून घेतात. एप्रिलची खरड छाटणी उरकली की लगेच कागदं काढा. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो.