क्लेमेंटेची पोरं
नायकाचं पितळ उघडं पडलं की बेसबॉलवेडं पोर मोठं होतं, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. १९७२ सालच्या, अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातल्या पोरांचं काय? त्यांच्या शहराच्या संघातल्या बेसबॉलपटू रॉबर्टो क्लेमेंटेने ३० सप्टेंबरला कारकिर्दीतला ३०००वा हिट (चेंडू टोलवून बेस गाठणं) मारला. डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. आधी पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोचत नाही, म्हणून तो स्वतःच सामानाच्या विमानात बसला. ३१ तारखेच्या रात्री ते विमान पोर्तो रिकोजवळ समुद्रात कोसळलं. मृतदेहही सापडला नाही. आकडा ३०००वरच थांबला. त्याच्या फोटोचं बेसबॉल कार्ड उशाशी ठेवून झोपलेल्या दहा वर्षांच्या पोराला नव्या वर्षाच्या सकाळी आईने हे कसं सांगितलं असेल? मला ती गोष्ट वाचायची आहे.