मदत हवी आहे: फ्रान्समधल्या गावात तेव्हा कोण राहत होतं, हे कसं शोधायचं?

वाईची_सून:
माझ्या आजेसासऱ्यांचे वडील लढाईत त्या गावात शिरले आणि परत आलेच नाहीत. आम्ही ११ तारखेला निघतोय. गावात तेव्हा कोणाची घरं होती, काय करत होती ती माणसं, त्यांचं पुढे काय झालं, हे मला जाण्याआधी हवंय. दोन रात्री शोधतेय, सगळं फ्रेंचमध्ये. कुणाला माहीत असेल तर कृपया लगेच सांगा.

पाऊलवाट:
ताई, गाव कुठलं? साल कुठलं? पलटण कुठली?

भटका_जोशी:
शेंगेन व्हिसाला किमान पंधरा दिवस धरा. प्रवास विमा आणि हॉटेलचं बुकिंग दोन्ही जोडावं लागतं. आमच्या वेळी बँकेचं स्टेटमेंट राहिलं म्हणून परत यावं लागलं होतं.

वाईची_सून:
व्हिसा आलाय हो. गाव नव-शापेल. २८ ऑक्टोबर १९१४. ते खडकीच्या सॅपर्समध्ये होते, कंपनी २०. आमच्या घरात हे नाव इतकं बोललं जातं की लिहायचं राहूनच गेलं.

खडकीकर_निवृत्त:
नाव वाचून अंगावर काटा आला. २७ तारखेला जर्मनांनी गाव घेतलं. दुसऱ्या दिवशी ४७ वी शीख पलटण आणि ३ ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ नंबरच्या कंपन्या पुढे गेल्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, सुरुंग लावणारा माणूस. त्या दिवशी त्यांना पायदळासारखं वापरलं. घराघरातून संगिनीची लढाई झाली, गावात शिरलेही, पण मागून कुमक आली नाही. दोन्ही कंपन्यांचा एकही इंग्रज अधिकारी धड परतला नाही. ताई, आधी कंपनीची वॉर डायरी, म्हणजे युद्धातली रोजची नोंदवही काढा, ती लंडनला क्यू भागातल्या दफ्तरखान्यात आहे. गावकऱ्यांचं नंतर बघा.

मुळा_मुठा:
नाव खडकीच्या युद्धस्मारकावरच असेल की. फ्रान्सला कशाला जायचं?

खडकीकर_निवृत्त:
नाही. खडकीचं १९१४-१८ चं स्मारक मुख्यतः भारतात मरण पावलेल्यांचं आहे. फ्रान्स-बेल्जियममध्ये ज्यांची कबर सापडली नाही, त्यांची ४७०० हून अधिक नावं नव-शापेलच्या भारतीय स्मारकावर आहेत. १९२७ मध्ये अनावरण झालं तेव्हा फ्रेंच सेनानी मार्शल फॉश हजर होते. पुढच्या बाजूला अशोकस्तंभासारखा उंच स्तंभ आहे. नाव शोधताना इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नका, कंपनी आणि बापाचं नाव धरून शोधा. पुष्कळ नोंदींत गाव आणि जिल्हाही असतो.

लीलची_मीनल:
काका, त्यांनी गावकऱ्यांबद्दल विचारलंय.

वाईची_सून, फ्रान्समध्ये एवढंसं खेडंही स्वतंत्र कम्यून असतं. त्याला स्वतःचा मेअर आणि 'मेरी', म्हणजे गावचं कार्यालय. जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या दोन प्रतींत ठेवत, एक गावात आणि एक न्यायालयात, म्हणून गाव जमीनदोस्त झालं तरी दुसरी प्रत सापडण्याची आशा असते. पण तुम्हाला हवी आहे १९११ ची जनगणना. १९१६ ची युद्धामुळे झालीच नाही, त्यापुढची थेट १९२१ ची. घर-घर करून प्रत्येकाचं नाव, वय, धंदा लिहिलेला असतो. पा-द-कॅले जिल्ह्याच्या दफ्तरखान्याच्या साइटवर फुकट बघता येते. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. कोण परतलं, कोण नाही, तिथेच कळेल.

खडकीकर_निवृत्त:
यादीतून लढाई कळत नाही.

लीलची_मीनल:
आणि डायरीतून घरं कुणाची होती ते कळत नाही. मार्च १९१५ मध्ये इंग्रजांनी गाव परत घेतलं तेव्हा नुसते ढिगारे उरले होते. एप्रिल १९१८ मध्ये ते पुन्हा जर्मनांच्या हाती गेलं. तो मुलूख सखल, पाणथळ. खंदक खोल खणले की पाणी भरायचं, म्हणून मातीचे बांध रचत. अशा जमिनीत परत येऊन ज्यांनी नांगर धरला, ती माणसं मला या गोष्टीत फार मोठी वाटतात. १९१९ च्या कायद्याने युद्धनुकसानीची भरपाई मिळाली. आज दिसतं ते गाव त्यानंतर उभं राहिलेलं आहे.

म्हापशेकार:
स्मारकाजवळच पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे, तिथेही जा. १९१८ च्या त्या मोठ्या हल्ल्यात पोर्तुगीजांचे फार हाल झाले. नव-शापेलचा तोफांनी मोडलेला ख्रिस्ताचा पुतळा १९५८ मध्ये पोर्तुगालला दिला, तो बाताल्याच्या मठात आहे. मी तो पाहिलाय. पाय तुटलेले आहेत.

भटका_जोशी:
लीलहून बेथ्यूनपर्यंत ट्रेन आहे. पुढे टॅक्सी आधीच ठरवा.

पाऊलवाट:
स्मारक शेजारच्या रिशबूर्ग कम्यूनच्या हद्दीत येतं, मॅपवर तेही नाव टाका.

वाईची_सून:
मीनल, यादी उघडली! हस्ताक्षर तिरकं आहे, पण 'कल्तिव्हातर' आणि 'जुर्नालिए' हे शब्द पुन्हा पुन्हा दिसतात. काय असेल?

लीलची_मीनल:
पहिला शेतकरी, दुसरा रोजंदारीवर जाणारा.

वाईची_सून:
म्हणजे आमच्यासारखीच. सासूबाई नेहमी म्हणतात, "कुणाच्या दारात पडले तेही ठाऊक नाही." घरं रस्त्यांप्रमाणे लिहिली आहेत. काका, त्या दिवशी कंपनी कुठल्या बाजूने शिरली हे डायरीत असेल का? असलं तर मी दोन्ही जुळवून बघते.

खडकीकर_निवृत्त:
नकाशा असला तर जमेल. पणजोबांचं नाव आणि नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. इथे नको. आज रात्रीच बसतो.