मदत हवी आहे: दाऊदशहाचं राज्य एक महिना की पाच महिने?

शाईपेन: एका पुस्तकात दाऊदशहाने महिनाभर राज्य केलं असं आहे, दुसऱ्यात पाच महिने. उद्या सकाळी तक्ता द्यायचाय. कोणतं बरोबर? प्लीज लवकर सांगा.

तळ्याकाठी: बंगालचा दाऊदखान करराणी ना? तो १५७२ ते १५७६. राजमहालच्या लढाईत मुघलांनी पकडून मारला.

शाईपेन: बंगाल कुठून आला? दख्खनचे बहमनी सुलतान! गुलबर्गा!

जुनी_नाणी: बहमनींत दोन दाऊद आहेत. साल सांगा, नाहीतर उत्तर कसं देणार?

शाईपेन: साल माहीत असतं तर विचारलं असतं का? मुजाहिदशहानंतरचा.

जुनी_नाणी: मग पहिला दाऊद, १३७८. विजयनगरच्या स्वारीहून परतणाऱ्या मुजाहिदला मारून गादीवर बसला आणि महिनाभरात स्वतः गेला. मुजाहिदची बहीण रूह परवर आगा, तिने गुलबर्ग्याच्या मशिदीत नमाज चालू असताना मारेकरी घातला. पाच महिनेवाला शमसुद्दीन दाऊद, १३९७ चा. तुमची दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत.

सोलापुरी_चादर: पुस्तकं ठेवा बाजूला, गुलबर्ग्याला जा. हफ्त गुंबजात पहिल्या दाऊदची कबर आहे. मुजाहिदचीही तिथेच.

शाईपेन: अहो, उद्या सकाळी द्यायचाय!

बखरप्रेमी: पहिल्या दाऊदनंतरचा महमूदशहाही लिहा, १३७८ ते १३९७.

जुनी_नाणी: महमूद नाही, मुहम्मद. फरिश्ता या जुन्या इतिहासकाराने चुकवलं, नाण्यांवर स्वच्छ मुहम्मद आहे.

बखरप्रेमी: फरिश्ता नसता तर तुम्हाला रूह परवर तरी कुठून कळली असती?

जुनी_नाणी: गोष्टींसाठी फरिश्ता वाचतोच. नावाला मात्र नाणंच प्रमाण.

रानवाटा: १३९७ च्या आदल्याच साली, १३९६ त, दुर्गादेवीचा दुष्काळ सुरू झाला. आमच्याकडे म्हातारी माणसं अजून नाव काढतात. त्यावर वेगळा धागा काढायला हवा.

शाईपेन: दुष्काळ नकोय! १३९७ त एकाच साली चार सुलतान दिसतायत, ते कसे?

जुनी_नाणी: मुहम्मद एप्रिलमध्ये वारला. मुलगा गियासुद्दीन गादीवर आला. जूनमध्ये तुघलचीन या तुर्की गुलाम सरदाराने त्याचे डोळे काढून सागरच्या किल्ल्यात डांबलं आणि सावत्र भाऊ शमसुद्दीनला बसवलं. कारभार सगळा तुघलचीनचाच. गियासुद्दीनचे मेहुणे फिरोज आणि अहमद उठले, नोव्हेंबरमध्ये फिरोज सुलतान झाला. तो टिकला १४२२ पर्यंत. तक्त्यात 'पहिला' आणि 'दुसरा' लिहायला विसरू नका.

शाईपेन: लिहिलं. पण पहिल्या दाऊदनंतर त्याचा मुलगा का नाही आला?

बखरप्रेमी: संजर. रूह परवरने त्याचे डोळे काढवले. हेही फरिश्त्यातलंच.