शेजारच्या घरातून आवाज आला, तेव्हा कुणी काय केलं? (सोलापूरकरांचे अनुभव)

जुळे सोलापुरात आमच्या वरच्या मजल्यावर एक जोडपं राहतं. दोन वर्षं झाली. रात्री साडेदहा-अकराला आधी काहीतरी आपटतं, मग तिचा आवाज येतो, मग एकदम शांत. गेल्या महिन्यात असंच झालं आणि मी रिमोट उचलून टीव्ही मोठा केला. ठरवून नाही, हात आपसूक गेला. त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून हा धागा काढतेय.

मारहाणीची वर्णनं नकोत, ती आपल्याला पाठ आहेत. त्या वेळी कुणी काय केलं ते लिहा. तुम्ही केलंत, तुमच्यासाठी कुणी केलं, किंवा करायला हवं होतं आणि केलं नाही. नाव, गल्ली, पोलीस ठाणं, दवाखाना, ओळख पटेल असं काहीही टाकू नका. ज्या अजून त्याच घरात आहेत त्यांनी स्वतःच्या फोनवरून लिहू नका. मैत्रिणीच्या फोनवरून मला कळवा, मी इथे उतरवते.

विडी कामगाराची मुलगी

आमची घरची भाषा तेलुगू, चुका सांभाळून घ्या. अम्मा विड्या वळायची, वडील यंत्रमागावर. तेव्हा आम्ही शहराच्या पूर्व भागात एका खोलीत भाड्याने होतो. एकदा अम्माचं उजवं मनगट एवढं सुजलं की कैची धरता येईना. विडीला दोन्ही हात लागतात. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. आठवडाभर माल गेला नाही की ब्रँचमध्ये (जिथे वळलेल्या विड्या जमा करतात) नाव मागं पडतं, पीएफचे दिवस तुटतात. अम्मा माराला नाही, त्याला जास्त घाबरली होती.

आमच्या ओळीत आठ-नऊजणी विड्या करायच्या. कुणी येऊन विचारलं नाही की समजूत घातली नाही. दुसऱ्या दिवशी ब्रँचला निघताना प्रत्येकीने आपल्यातल्या शंभर-सव्वाशे विड्या आमच्या टोपलीत टाकल्या. हजार भरले. असं अकरा दिवस चाललं. छाट काढणारा, म्हणजे खराब विड्या बाजूला काढणारा, एकदा म्हणाला, आज वळणारे हात वेगवेगळे दिसायलेत. शेजारची अक्का म्हणाली, "दिसू दे. मोज."

पुढे कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी 10,000 घरांची वसाहत झाली, त्यात अम्माला घर मिळालं. आमच्या कागदावर नाव अम्माचं आहे. तिथे गेल्यावरही पहिल्याच दिवाळीत वडील सवयीने ओरडले, "निघ माझ्या घरातून." अम्मा उठली, पेटीतून कागद काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, वाच मोठ्यानं. मी सातवीत होते. वाचला.

वडील सुधारले असं मी लिहिणार नाही. शिव्या शेवटपर्यंत होत्या. पण त्या दिवाळीनंतर हात उठला नाही.

धागाकर्ती

"दिसू दे. मोज." मी हे दोनदा वाचलं.

कॅज्युअल्टीतली सिस्टर

एका मोठ्या रुग्णालयात 19 वर्षं नोकरी झाली. "बाथरूममध्ये घसरले" हे वाक्य मी किती वेळा लिहून घेतलंय त्याचा हिशोब नाही. घसरलेल्या माणसाचे तळहात, कोपर, गुडघे खरचटतात. दोन्ही हातांच्या बाहेरच्या कडेला वळ असतील, तर ते हात डोक्यापुढे आडवे धरलेले असतात.

सोबत नवरा किंवा सासू असतेच आणि हलत नाही. मी त्यांना केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवते. त्या खिडकीवर रांग असते. (त्या रांगेला एरवी सगळे शिव्या देतात, मला ती फार कामाला येते.) मग विचारते, "घरी कुणी मारतं का?" नवीन मुली विचारतात, "काही त्रास आहे का?" त्याला सगळ्या 'नाही' म्हणतात. त्रास म्हणजे काय, तो तर असतोच.

पहिल्या खेपेला बहुतेकजणी खरं सांगत नाहीत. एक तिसऱ्या वेळी आली तेव्हा म्हणाली, "सिस्टर, तुम्ही मागच्या वेळीही विचारलं होतं." त्या दिवशी तिने सांगितलं. तेव्हापासून 'नाही' ऐकलं तरी मी विचारणं सोडलेलं नाही.

बायकांनो, एवढं करा. डॉक्टरांना खरं कारण सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टात चालणारी वैद्यकीय नोंद, करायला सांगा. जखम कुठे, केवढी, कशाने झाली हे कागदावर आलं पाहिजे. त्या कागदाची प्रत घरी ठेवू नका. माहेरी, ऑफिसात, कुणाकडेही ठेवा.

मोहोळ तालुक्यातला भाऊ

मी काय केलं नाही, ते लिहितो.

बहीण तीनदा आली. तिन्ही वेळा मी गाडीवर बसवून परत सोडून आलो. पहिल्यांदा म्हणालो, नवं घर आहे, वेळ लागतो. दुसऱ्यांदा आई म्हणाली, पोर झालं की बदलेल. तिसऱ्यांदा पोर कडेवर होतं. तेव्हा काय म्हणालो आठवत नाही. रस्त्यात तिला उसाचा रस पाजला, तेवढं आठवतं.

आता मुद्द्याचं. तिच्या लग्नानंतर वर्षभरात आम्ही तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. कालव्यावरची साडेतीन एकर. आमच्याकडे तशीच रीत आहे. बहिणीला साडी-चोळी करायची, जेवायला वाढायचं आणि तहसीलला नेऊन अंगठा नाहीतर सही. नाही म्हणाली तर माहेर तुटतं. कायद्याने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा आहे. 2005 ला तो देशभर आला, महाराष्ट्राने तर 1994 लाच केला होता. मला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच सही घेतली.

म्हणजे नवऱ्याच्या घरात तिला मार आणि आमच्या घरात ती पाहुणी. परत जाण्याशिवाय तिला दुसरी जागा आम्हीच ठेवली नव्हती. आणि वर मी सगळ्यांना सांगत फिरायचो, आमची ताई फार सोसते.

चौथ्यांदा ती आमच्याकडे आलीच नाही, मैत्रिणीकडे गेली. मैत्रिणीने महिला व बालविकासच्या संरक्षण अधिकाऱ्याला गाठलं. त्यांनी तिचं सगळं लिहून घेऊन कौटुंबिक घटना अहवाल तयार केला, तो कोर्टात गेला. मला समजलं तेव्हा अंतरिम पोटगीचा आदेशही झाला होता. मागच्या वर्षी मी एक एकर बक्षीसपत्राने तिच्या नावावर केली. बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही. ताई अजूनही नीट बोलत नाही. राखी पोस्टाने पाठवते.

मी सासू आहे

थोडक्यात लिहिते. पोरगा माझाच. पहिल्यांदा त्याने सुनेवर हात उचलला तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावला. दुसऱ्यांदा मधे पडले, मलाही लागला. तेव्हा मीच 112 ला फोन केला. पोलीस आले, जीपमध्ये बसवला. सगळी गल्ली मला म्हणाली, आई आहेस का वैरीण? सून आणि नात माझ्याजवळ आहेत. तो पुण्याला असतो. सणाला फोन करतो, मी उचलते.

वकीलबाई

वरचं वाचून दोन-तीन गोष्टींचा गुंता सोडवते. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊजणींच्या डोक्यात तो असतो.

"केस टाकली की नवऱ्याला आत टाकतील, मला तसं नको, नुसता मार थांबला पाहिजे." असं म्हणणाऱ्या बाईसाठीच 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. कलम 12 खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा. त्यात मागता येतं ते असं: मारू नको, घरातून काढू नको, खर्च दे, मुलं माझ्याकडे राहू देत. यात लगेच अटक नसते. कोर्टाचा संरक्षण आदेश त्याने मोडला तर मात्र तो गुन्हा. एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 498-अ, म्हणजे सासरच्या छळाचं कलम, ते वेगळं. ते फौजदारी आहे आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम 85 झालं.

हिंसा म्हणजे नुसता मार नव्हे. पगाराचं कार्ड काढून घेणं, किराणा बंद करणं, माहेरी फोन करू न देणं, रोजची धमकी, हे सगळं त्यात येतं. नवऱ्याविरुद्धच अर्ज करता येतो असंही नाही. पेन्शनसाठी मुलगा आईला मारतो, भाऊ बहिणीला मारतो, तिथेही हाच कायदा चालतो. घर सासऱ्याच्या नावावर आहे, मग माझा काय हक्क, असं विचारतात. नाव कुणाचंही असो, संसार तिथे झाला असेल तर राहण्याचा हक्क मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हे स्पष्ट केलंय.

अर्ज 60 दिवसांत निकाली काढावा असं कायद्यात लिहिलंय. वाचून हसू नका. म्हणूनच पहिल्याच दिवशी कलम 23 खाली अंतरिम आदेश मागायचा. वकिलाला पैसे नाहीत? जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला वकील फुकट देतं, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. शिक्षिका, बँकेतल्या बायकासुद्धा घेऊ शकतात. त्यांना हे कुणी सांगतच नाही.

विजापूर रोडवरून एकजण

खोट्या केसेसचं काय? माझ्या मित्राचं अख्खं घर अडकलं.

वकीलबाई

खोट्या असतात. मीही पाहिल्यात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या अर्णेश कुमार निकालाने सरसकट अटकेला लगाम घातला. तुमच्या मित्राला तो लागू आहे, वकिलाला विचारायला सांगा. पण भाऊ, प्रश्न होता आवाज आला तेव्हा तुम्ही काय केलंत. त्याचं उत्तर राहिलं.

(मैत्रिणीच्या फोनवरून, धागाकर्तीने उतरवलेलं)

मी अजून तिथेच आहे. कधी निघेन ठाऊक नाही. आधार, रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला, मार्कशीट यांच्या झेरॉक्स, दोन हजार रुपये आणि एक साडी अशी पिशवी ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंकडे आहे. ताईंनी पिशवीत काय आहे विचारलं नाही. दर महिन्याला म्हणतात, "तुमचा ब्लाऊज तयार आहे हं." एवढंच.

धागाकर्ती

तुझ्यासाठी: 181 महिलांसाठी, चोवीस तास. जीवावर बेतलं तर 112. फोन केल्यावर यादीतून नंबर पुसून टाक. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवस राहण्याची सोय, वकील, समुपदेशन, पोलिसांशी बोलणं हे एकाच ठिकाणी होतं. 181 वाले पत्ता सांगतात. कधी निघायचं ते तूच ठरव, इथे कुणी घाई करणार नाही.

करमाळा तालुका

आवाजाचा नाही, शांततेचा अनुभव आहे, चालेल ना?

आमच्या गावात नवऱ्याने टाकलेली किंवा त्याला सोडून आलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. मार खाऊनही बायका का राहतात त्याचं एक कारण मला हेच वाटतं. घर सोडलं की कुंकवाच्या यादीतून नाव जातं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तो विषय लावून धरणारे प्रमोद झिंजाडे आमच्या करमाळ्याचे. त्याची चर्चा झाली तेव्हा आमच्या बचतगटात कुणीतरी म्हणालं, विधवांचं झालं, मग टाकलेल्यांचं काय?

पुढच्या संक्रांतीला चौघींना बोलावलं. दोघी आल्या. एक उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, वाण हातात घेतलं आणि गेली. कुंकू लावू दिलं नाही. आम्ही वाईट वाटून घेतलं, मग कळलं की तिला घरून ताकीद होती. यंदा आत येऊन बसली. दोन म्हाताऱ्या उठून गेल्या. त्यांचं वाण आम्ही घरी पोचवलं, भांडण नको.

धागाकर्ती

आता माझं. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि कधी रात्रीबेरात्रीही सुटतं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. पाणी आलं का, हे कोणत्याही वेळी, कोणाच्याही दारात जाऊन विचारता येतं.

गेल्या मंगळवारी पुन्हा आवाज आला. आमचे हे म्हणाले, जाऊ नको. मग म्हणाले, थांब, मी जिन्यात उभा राहतो. बेल वाजवली. बराच वेळ कुणी आलं नाही. मी पुन्हा वाजवली. त्याने दार उघडलं. मी म्हटलं, "पाणी आलं का हो तुमच्याकडे?" त्याच्या मागून ती म्हणाली, "काकू, पाणी परवा आहे." तिला माहीत होतं, मला माहीत होतं, बहुतेक त्यालाही. मी उगाच मोटर, टाकी, वॉचमन असं पाच-सात मिनिटं बोलत राहिले. त्या रात्री पुढे काही ऐकू आलं नाही. यातून काही सुटलं असं नाही. तो आता लिफ्टमध्ये माझ्याकडे बघत नाही आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, नवराबायकोच्या भानगडीत पडू नका.

काल रात्री अकराला माझा फोन वाजला. तीच होती, आवाज अगदी हळू.

"काकू, पाणी आलं का?"

मी टीव्ही बंद केला, ह्यांना उठवलं आणि चपला घातल्या.