पुलाला छप्पर कशाला?
वर विचारलंय, अमेरिकेतल्या जुन्या लाकडी पुलांवर छप्पर का असतं? शोभेसाठी नाही हो, कैचीच्या, म्हणजे पूल तोलून धरणाऱ्या वाशांच्या त्रिकोणी सांगाड्याच्या, सांध्यांत पाणी मुरू नये म्हणून! विल्यम हाऊ या अमेरिकन पूल बांधणाऱ्याने १८४० साली पेटंट घेतलेल्या कैचीच्या रचनेत दाब सोसणारे तिरके वासे लाकडी, ताणाला उभ्या लोखंडी सळ्या. लाकूड सुकून सांधा ढिला पडला की नट आवळायचा.

आमच्या रत्नागिरीकडे नुसत्या छपराने भागलं नसतं. खाडीच्या खाऱ्या पाण्यातला किडा लाकडी खांब आतून पोखरतो, वरून पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा वहाळावरचा (ओढ्यावरचा) पोफळीच्या खोडांचा साकव, म्हणजे छोटा पूल, बरा. कुजला की नवी खोडं टाकली. गाडी न्यायची तर मात्र दगडी कमान हवी, आणि सावित्री नदीने २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला तीही नेलीच.