मदत हवी आहे: मेमरी कार्ड बदललं तर हातातला गेम कन्सोल जोरात चालेल का?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. इथं आजवर नुसता वाचत होतो, पहिलाच धागा काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी शिरोली एमआयडीसीत व्हीएमसीवर (कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर धातू कापणारं मशीन) असतो, राहायला कळंब्याकडं. पाळी करून आल्यावर लगेच झोप लागत नाही, म्हणून दिवाळीत हातात धरून खेळायचा एक रेट्रो कन्सोल मागवला. साडेतीन इंची स्क्रीन, आरके३३२६ चिप, १ जीबी रॅम, आत लिनक्स, कार्डासाठी दोन खाचा. पोरासाठी घेतलाय असं घरात सांगितलंय. बरोबर ६४ जीबीचं एक बिनानावाचं कार्ड आलं. सिस्टीम त्यातच आणि काही हजार गेमही त्यातच.

आता दुखणं सांगतो. चालू व्हायलाच वेळ लागतो. मोबाईलवर घड्याळ लावून बघितलं, बटण दाबल्यापासून यादी दिसेपर्यंत १ मिनिट ४० सेकंद. यादी खाली सरकवली की गेमची चित्रं एकेक करून उगवतात. कॉलेजात असताना घेतलेल्या पीएसपीच्या (सोनीचा जुना हातातला कन्सोल) डिस्क माझ्याकडं अजून आहेत, त्यातली फुटबॉलची गेम काढून यात घातली. (फुटबॉल म्हणजे काय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की आमची निम्मी पाळी आजारी पडते.) मॅच लोड व्हायला ४८ सेकंद जातात. कॉर्नरला बॉक्समध्ये गर्दी झाली की चित्र रेंगाळतं आणि आवाजपण ओढल्यासारखा येतो.

आणि लई त्रासाचं म्हणजे, प्लेस्टेशन १ च्या माझ्या जुन्या सीडींवरून घातलेल्या दोन गेम ठरलेल्या जागी गचकतात. तोच व्हिडिओ, तीच जागा, काळा पडदा. यंत्राबरोबर आलेल्या गेमचं असं काही होत नाही.

राजारामपुरीत एका दुकानात विचारलं. त्यानं १२८ जीबीचं, २०० एमबी आणि व्ही३० लिहिलेलं कार्ड पुढं ठेवलं. "हे घाला साहेब, लोण्यासारखी चालंल." १८०० रुपये.

माझ्या डोक्यात मशीनवरचं उदाहरण फिरतंय. आमच्या एका जुन्या मशीनची मेमरी एवढीशी आहे. मोठा प्रोग्राम मावत नाही, मग तो आरएस-२३२ केबलनं कॉम्प्युटरवरून तुकड्यातुकड्यानं सोडायचा. याला ड्रिप फीड म्हणतात. बॉड रेट, म्हणजे केबलचा वेग, ९६०० असला तर सेकंदाला हजारसुद्धा अक्षरं पोचत नाहीत. बारीक ओळींचा सरफेसचा प्रोग्राम असला की टूल अडखळत चालतं आणि जॉबवर डाग पडतात. स्पिंडलमध्ये दम आहे, सर्व्हो चांगले आहेत, पण पुढची ओळच हातात आली नाही तर मशीन बिचारं काय करणार? कन्सोलमध्ये तसंच होतंय का? कार्ड हळू, म्हणून गेम हळू?

१८०० रुपये घालावेत का, तेवढं सांगा.

गुळाची ढेप

भावा, आधी ते १८०० खिशातच ठेव. बिनानावाचं कार्ड हाय म्हणतोस तिथंच पाल चुकचुकली. असल्या यंत्राबरोबर येणारं कार्ड पहिल्या दिवशीच बदलायचं असतंय. पर महागडंच घ्यायला पायजे असं काय नाही. बाकी जाणकार सांगतील.

केबलवाला

रात्रपाळी, तुमचं ड्रिप फीडचं उदाहरण छान आहे, पण इथं ते अर्धंच लागू पडतं. ड्रिप फीडमध्ये मशीन प्रत्येक ओळीसाठी केबलकडं बघत असतं. गेम तसं करत नाही. ती मैदान, खेळाडू, आवाज असा मोठा घास कार्डावरून उचलून रॅममध्ये ठेवते आणि मग रॅममधूनच खेळते. म्हणजे अख्खा प्रोग्राम मेमरीत मावणाऱ्या नव्या मशीनसारखं. एकदा घास भरला की सेकंदाला किती चित्रं काढायची हे प्रोसेसर आणि ग्राफिक्सवर ठरतं, कार्डाचा त्यात हात नाही.

म्हणून कॉर्नरचं रेंगाळणं कार्डाच्या माथी मारू नका. आवाज ओढल्यासारखा येतो असं तुम्हीच लिहिलंय, ती खूण आहे: प्रोसेसरला धाप लागलीय. कार्ड अडलं असतं तर चित्र जागच्या जागी थिजलं असतं आणि मग एकदम उडी मारून पुढं गेलं असतं.

आता वेगाचा हिशोब. प्लेस्टेशन १ चा सीडी ड्राइव्ह दुप्पट वेगाचा होता, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०० केबी. पीएसपीची यूएमडी डिस्क जास्तीत जास्त ११ मेगाबिट, म्हणजे १.४ एमबीच्या आसपास. कार्डावर गोलात १० लिहिलेलं असतं, ती सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी, आणि वाचण्याचा वेग सहसा त्याहून बराच जास्त असतो. मग २०० एमबीचं कार्ड घेऊन ३०० केबीच्या गेमला काय देणार? शिवाय प्लेस्टेशन १ चे एम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करणारे प्रोग्राम) मूळ ड्राइव्हचा तो संथपणासुद्धा मुद्दाम पाळतात, कारण काही गेमचं गणितच त्या वेळेवर बांधलेलं असतं. कार्ड कितीही जोरदार असो, तिथली लोडिंगची पाटी आपल्याच चालीनं जाणार.

बरं, ते २०० एमबीसुद्धा तुमच्या यंत्रात मिळणार नाहीत. यूएचएस-१ या पद्धतीची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी. त्यापुढचा आकडा कंपनीच्या स्वतःच्या जुगाडानं येतो आणि तो तसल्याच खास रीडरमध्ये दिसतो. व्ही३० म्हणजे सलग ३० एमबीनं लिहिण्याची हमी. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्याला ती लागते, तुम्हाला नाही.

मग तुमच्याकडं कार्ड नेमकं कुठं आडवं येतं? चालू होताना आणि ती चित्रं उगवताना. तिथं एक मोठी फाइल सलग वाचायची नसते, हजारो बारक्या फाइली इथून तिथून गोळा करायच्या असतात. त्यासाठी कार्डावर ए१ ही खूण बघा. सेकंदाला किमान १५०० वेळा कुठूनही वाचता येईल आणि ५०० वेळा लिहिता येईल अशी ती हमी. ए२ मध्ये हेच आकडे ४००० आणि २००० आहेत, पण यंत्राला ती पद्धत कळत असेल तरच. नाहीतर ए२ चे जादा पैसे वाया.

एक प्रयोग करा, फुकट आहे. यंत्र बंद करून चालू करा, मॅच लावा, लोडिंग मोजा. मग गेममधून बाहेर या, यंत्र बंद न करता लगेच तीच मॅच परत लावा. लिनक्स नुकतंच वाचलेलं रॅममध्ये जपून ठेवतं, त्यामुळं दुसऱ्या वेळी कार्डाला फारसं विचारावंच लागत नाही. दुसऱ्यांदा जे सुधारलं ते कार्डाचं दुखणं, जे तसंच राहिलं ते प्रोसेसरचं.

रात्रपाळी

केबलवाला, दंडवत. प्रयोग केला. पहिल्यांदा ४८ सेकंद, लगेच दुसऱ्यांदा २९. कॉर्नरला मात्र दोन्ही वेळा तेच रडगाणं. म्हणजे लोडिंग कार्डाचं आणि कॉर्नर प्रोसेसरचा, असंच ना?

पण गचकणाऱ्या दोन गेमचं कोडं यातून सुटत नाही. हळू असणं वेगळं आणि गचकणं वेगळं.

एक वाचक

मी त्याच कोड्यासाठी थांबलो होतो. यंत्राबरोबरच्या गेम चालतात आणि तुम्ही नंतर घातलेल्या गचकतात, हे वाचून एकच शंका येते: कार्ड ६४ जीबीचं नाहीच. आतला कंट्रोलर (कार्डाचा कारभार बघणारी चिप) असा फसवायला लावलेला असतो की कॉम्प्युटरला तो ६४ सांगतो. खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं, आणि कॉपी मात्र "पूर्ण झाली" असंच दिसतं. वाचायला गेल्यावर तिथं काहीच नसतं.

तपासायला विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे, लिनक्सवाल्यांसाठी एफ३. अख्खं कार्ड भरून लिहितो आणि परत वाचून ताळा करतो. १० एमबीच्या वेगानं ६४ जीबी नुसतं लिहायलाच पावणेदोन तास लागतात, तेव्हा निवांत लावून झोपा.

त्याआधी दोन गोष्टी. तपासणीसाठी कार्ड कोरं करावं लागतं, म्हणून सगळी इमेज, म्हणजे कार्डाची जशीच्या तशी नक्कल, कॉम्प्युटरवर काढून ठेवा. आणि कार्ड लावल्यावर विंडोज "ही डिस्क फॉरमॅट करायची का?" असं विचारेल. ते लिनक्सचं विभाजन (पार्टिशन) आहे, विंडोजला ते ओळखता येत नाही म्हणून विचारतं. रद्द करा म्हणजे रद्दच करा. माझ्या मेहुण्यानं घाईत हो म्हटलं होतं.

आणखी एक, बूटच्या विभाजनातली (यंत्र जिथून चालू होतं तो भाग) डीटीबी फाइल वेगळी जपून ठेवा, यंत्रात कुठला स्क्रीन वगैरे बसवलाय ते ती सिस्टीमला सांगते. असल्या यंत्रांत एकाच नावाखाली वेगवेगळे स्क्रीन बसवलेले असतात. ताजी सिस्टीम टाकताना तुमच्या स्क्रीनची डीटीबी नसली तर यंत्र चालू होईल, आवाज येईल, पण पडदा काळा. मग लोक कार्डाला शिव्या घालत बसतात.

गुळाची ढेप

आन ६४ जीबीचं कार्ड विंडोजात ५९ च्या आसपास दिसतंय, त्याला घाबरू नको. कंपनी हजारानं मोजती, विंडोज १०२४ नं. ती फसवणूक न्हवं.

रात्रपाळी

तीन दिवसांनी येतोय, पाळी बदलली होती.

एक वाचक, तुमच्या तोंडात साखर पडो म्हणावं की काय ते कळेना. २९ जीबीपर्यंत सगळं बरोबर, त्यापुढं सगळं "लॉस्ट". म्हणजे ३२ चं कार्ड ६४ म्हणून गळ्यात मारलंय. सिस्टीम आणि त्यांच्या गेम पहिल्या भागात, म्हणून त्या चालत होत्या. माझ्या सीडी गेल्या सगळ्या हवेत. पीएसपीची गेम मी पहिल्याच दिवशी घातली होती, ती नशिबानं अलीकडं बसली असणार.

काल लक्ष्मीपुरीतून नावाजलेल्या कंपनीचं ६४ जीबीचं, ए१ वालं कार्ड आणलं. १८०० च्या निम्म्यातसुद्धा पैसे उरले. आणल्याआणल्या तेपण पूर्ण तपासलं, एकही चूक नाही. ताजी सिस्टीम टाकली, डीटीबी आपली घातली, गेम मूळ डिस्कवरून परत काढून भरल्या.

यंत्र ३८ सेकंदांत चालू होतंय. यादीतली चित्रं बोटाबरोबर येतात. मॅच पहिल्याच वेळी ३१ सेकंदांत लागते. दोन्ही सीडीवाल्या गेम त्या काळ्या पडद्याच्या पुढं गेल्या. कॉर्नर जसाच्या तसा, केसभरही फरक नाही.

केबलवाला

कॉर्नरसाठी पीएसपीच्या एम्युलेटरमध्ये चित्राचं रिझोल्यूशन १एक्स, म्हणजे मूळ पीएसपीएवढंच, आहे का बघा, आणि फ्रेमस्किप (मधली चित्रं गाळणं) १ करा. चित्र किंचित तुटक दिसेल पण आवाज सरळ येईल. तेवढ्यावर भागवा, या चिपकडून पीएसपीची जास्त अपेक्षा नको.

आणि बटण दाबून धरून यंत्र थेट मारू नका, मेनूतून बंद करा. लिहिणं चालू असताना वीज गेली की चांगल्या कार्डावरचीसुद्धा सेव्ह फाइल खराब होते.

पांढरा रस्सा

धागा पळवतोय, माफ करा. भाच्यासाठी निन्टेन्डोचा स्विच २ कन्सोल आणलाय, त्याच्या जुन्या स्विचमधलं कार्ड त्यात चालेल का? तेपण ए१, यूएचएस-१ आहे.

केबलवाला

गेमसाठी नाही चालणार. २०१७ च्या पहिल्या स्विचला यूएचएस-१ पुरत होतं, वाचण्याचा वेग ६० ते ९५ एमबी असावा अशी निन्टेन्डोची शिफारस होती. ५ जून २०२५ ला आलेल्या स्विच २ ला गेम साठवायला मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं. ते आतून पीसीआय एक्सप्रेसवर (कॉम्प्युटरमधली जलद जोडणी) चालतं, कमाल वेग सेकंदाला ९८५ एमबी. जुन्या कार्डावरचे फोटो आणि व्हिडिओ फक्त उचलता येतील.

इथं रात्रपाळींच्या यंत्राच्या बरोबर उलटी गोष्ट आहे. त्यांच्या गेम ३०० केबीच्या काळातल्या. आताच्या मोठ्या गेम खेळता खेळता पुढचा रस्ता, पुढची घरं सतत कार्डावरून ओढत असतात. तिथं मात्र त्यांचं ड्रिप फीड शंभर टक्के लागू. आत २५६ जीबी जागा आहे, ती भरेपर्यंत भाच्याला दम धरायला सांगा.

रात्रपाळी

ड्रिप फीड कुठंतरी लागू पडलं, बरं वाटलं. फ्रेमस्किप १ केलं, कॉर्नरला आता आवाज सरळ येतोय आणि काल एक गोलपण झाला.

शेवटचा प्रश्न. ते जुनं कार्ड २९ जीबीपर्यंत ठीक आहे, तर तेवढंच विभाजन करून दुसऱ्या खाचेत पोराच्या गेमसाठी घालू का?

गुळाची ढेप

नको भावा. एकदा खोटं बोललेलं कार्ड हाय ते. कात्रीनं काप आन टाक.

रात्रपाळी

कापलं.