डान्स थांबतो तेव्हा सर्कस सुरू होते, हा सांधा कसा मिटवायचा?

अधांतरी
नमस्कार मंडळी. आमची छोटी स्वतंत्र कंपनी आहे, डोक्यावर कुणाचा हात नाही. चार कंटेम्पररी डान्सर, सिल्कवर (वरून टांगलेलं लांब कापड) काम करणाऱ्या दोघी, सिर व्हील (आत उभं राहून फिरवायचं माणसाएवढं कडं) फिरवणारा एक, आणि मी, म्हणजे जो कोरिओग्राफी करतो, लाइट लावतो आणि शेवटी फ्लोअरही पुसतो. 50 मिनिटांचा पीस बसवतोय. परवा रनचा व्हिडिओ बघितला आणि पोटात गोळाच आला. सात मिनिटं डान्स, मग सगळे हळूच बाजूला सरकून सिल्कवालीला वाट करून देतात, ती वर चढते, रॅप घालते (कापड अंगाभोवती गुंडाळते), ड्रॉप मारते (त्यातून एकदम खाली सुटते), टाळ्या, उतरते, की परत डान्स सुरू. दोन वेगळे कार्यक्रम एकाच तिकिटात, दुसरं काय.

रिहर्सलमध्येही तेच. डान्सर आठच्या काउंटवर चालतात आणि सिल्कवाली म्हणते माझा रॅप सहात बसेल का दहात हे आज कापड कसंय त्यावर ठरेल. डान्सर विचारतात हा हात वर का गेला, ती विचारते हात पकडला का नाही एवढं सांग. दोघांचंही बरोबर आहे आणि मी मधे लोंबकळतोय. कुणी हे दोन्ही खरंच एकत्र केलंय का? थिअरी नको, हॉलमध्ये काय केलंत ते सांगा.

एकदोनतीनचार
सांधा मिटवायचाच कशाला, मी म्हणतो तो उघडा ठेवा. तुमची गडबड अशी आहे की ट्रिक म्हणजे सर्कस आणि बाकीचं सगळं डान्स असं डोक्यात बसलंय. ड्रॉप दोन सेकंदांचा. त्याच्याआधी ती पाय अडकवते, कापड कमरेभोवती घेते, एकदा खाली बघते, शेवटची गाठ हाताने चाचपते, ती वीस-तीस सेकंदं आहेत ना, तिथे बघा काय सापडतं. तुम्ही तेवढ्यात खाली चार जणांना नाचवून प्रेक्षकांचं लक्ष दुसरीकडे नेत असाल, बरोबर? सगळे तेच करतात, मीही केलंय.

आम्ही एक केलं. डान्सरना दोन-दोन मीटरचं साधं कापड दिलं आणि सिल्कवालीचा फूटलॉक जमिनीवर बसून शिकायला लावला. पाय अडकवणं, ओढून बघणं, सोडणं. आठवडाभर फक्त एवढंच. मग कापड काढून घेतलं आणि नुसती ती हालचाल ठेवली. त्यानंतर ती वर रॅप घालायला लागली की खालच्या चौघांच्या अंगात तीच हालचाल असायची, त्यामुळे वाट करून द्यायचा प्रश्नच उरला नाही.

दुसरं म्हणजे पडणं. 1972 मध्ये अमेरिकन डान्सर स्टीव्ह पॅक्स्टनने कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन (एकमेकांवर वजन टाकत आयत्या वेळी सुचेल तसं नाचणं) सुरू केलं तेव्हापासून आपल्याकडे पडणं म्हणजे मटेरियल, वजन दिलं, घसरलो, लोळलो, चालतंय. हॅन्ड-टू-हॅन्डवाल्यांकडे (सर्कशीतली जोडीची कसरत) बेस म्हणजे खालचा आणि फ्लायर म्हणजे वरचा तेच वजन देतात-घेतात, पण तिथे घसरलं की अपघात. दोघांना समोरासमोर उभं करून नुसतं एकमेकांवर रेलायला सांगा आणि बघा कोण कधी घाबरतं. तुमचा पीस तिथून निघेल असं मला वाटतं.

आणि हे काही नवीन खूळ नाही. 1995 मध्ये जोसेफ नाजने फ्रान्समधल्या राष्ट्रीय सर्कस शाळेच्या पास होणाऱ्या बॅचचा शो बसवला, तो स्वतः कोरिओग्राफर, तेव्हापासून तिकडे हा रस्ता रुळला. अलीकडचं बघायचं तर फ्रेंच सर्कसवाला योआन बूर्ज्वा, त्याचे जिना आणि ट्रॅम्पोलिनचे व्हिडिओ बघा. माणूस पायरीवरून पडतो, गायब होतो, उसळून परत त्याच पायरीवर उभा. कोलांटी नाही का काही नाही, नुसतं पडणं आणि परत येणं, आणि नजर हलत नाही.

गाठ_तपासून
मी रिगिंग करतो, म्हणजे वर टांगायचं सगळं बांधतो-तपासतो, त्यामुळे माझं रडगाणं वेगळं. वरचं सगळं छान आहे पण डान्सरना सिल्कच्या जवळ नेलं की पहिल्या तासाभरात कुणीतरी गंमत म्हणून लोंबकळतंच. दोरी आडवी होईल इतक्या उंचीवरून झोका सोडला तर तळाशी वजनाच्या तिप्पट ओढ बसते, 60 किलोचा माणूस म्हणजे वरच्या पॉइंटवर (जिथे कापड टांगलंय तिथे) 180. दोघं लोंबकळले की 360, आणि हा नुसता झोका, ड्रॉपचा झटका यात धरलेलाच नाही. म्हणून माणूस टांगायचा असेल तर बरेच रिगर वजनाच्या 10 पट ताकद पकडून चालतात. तुमचा पॉइंट किती जणांसाठी तपासलाय ते आधी सांगा, मग सौंदर्याचं बोलू.

एक छोटी वाटणारी गोष्ट. रोझिन, म्हणजे राळ. सिल्कवाल्या पकड बसावी म्हणून हाताला लावतात, झटकतात, ते खाली व्हिनाइलवर पडतं आणि चिकट डाग होतो. एका रिहर्सलला आमची डान्सर अनवाणी पायाने गिरकी घ्यायला गेली, पाय जागीच चिकटला आणि गुडघा एकटाच फिरला. सहा आठवडे बाहेर. तेव्हापासून रोझिन विंगेतच लावायचं, सिल्कच्या खाली चटई, आणि एरियल सेक्शननंतर तो पट्टा पुसल्याशिवाय कुणी नाचायचं नाही. पुसणंच कोरिओग्राफीत टाका वाटल्यास. याच्या उलटही होतं हां, डान्सर टाचा फुटू नयेत म्हणून क्रीम चोपडतात आणि तेच पाय घेऊन कापडावर चढतात.

आणि कुणी वर अडकलं तर खाली कसं आणायचं याची एकदा खरीखुरी तालीम करा. नुसतं ठरवून ठेवलंय हे उत्तर चालणार नाही.

अधांतरी
@गाठ_तपासून पकडलंत. गेल्या आठवड्यात दोन डान्सर एकदम लोंबकळले होते, मी व्हिडिओ काढत होतो आणि हसत होतो. पॉइंट एकीसाठीच तपासलाय. आजपासून बंद, रिगरला परत बोलावतो.

उलटी_वटवाघूळ
मी सिल्कवाली, आधी जिम्नॅस्टिक्स, आता डान्सरांच्यात राहून राहून अर्धी बिघडलेली. काउंटचं सांगते. तिला आठमध्ये कोंबू नकोस रे दादा. घाईत घातलेला रॅप म्हणजे काय ते तिला माहितीये म्हणून ती नाही म्हणतेय, हट्ट नाहीये तो. आमच्याकडे उलटं केलंय, मी तयार झाले की आवाज करते, नुसता 'हं', आणि तो 'हं' आला की खालचे निघतात. सुरुवातीला तो प्रेक्षकांपासून लपवायचो. मग कुणीतरी म्हणालं लपवताय कशाला, आणि आता सगळेच तो आवाज करतात, डान्सरही, उचलायच्या आधी, पडायच्या आधी. म्युझिकही त्या सेक्शनला ठेक्याचं नाही ठेवलेलं.

टाळ्या तूच मागतोयस हे लक्षात घे. ड्रॉपनंतर ती हात पसरून थांबत असेल, बघ व्हिडिओ परत. ती सवय शाळेपासून लागते, घ्या बघा झालं असं अंगच बोलतं. आमच्या कोरिओग्राफर ताईंनी माझा ड्रॉप तसाच ठेवला पण खाली थांबण्याऐवजी झटका ओसरायच्या आत मला एका डान्सरच्या पाठीवर पाय टेकायला लावला. टाळी वाजवायला फटच मिळत नाही लोकांना.

अजून एक, ऑर्डर बघ पीसची. जोरदार फ्लोअरवर्क झाल्या झाल्या तिला वर पाठवत असशील तर तिची बोटं उघडतात, हाताचे स्नायू दगड होतात, आणि हे खाली उभ्या माणसाला दिसत नाही. मधे दोन-तीन मिनिटं शांत दे, त्यात तिला स्टेजवरच बसू दे हवं तर. वॉर्म-अप एकत्र करा पण शेवटची दहा मिनिटं खांद्यांसाठी तिची तिला लागतात.

तिसरी_रांग
मी करत काही नाही, फक्त बघते, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून बोलते. कृपा करून ट्रिकच काढून टाकू नका. मी एक पीस बघितलाय ज्यात बाई चाळीस मिनिटं कापडात गुंडाळून बसली होती आणि खालचे तिच्याकडे बघत होते, बस. सर्कस बघताना छातीत थोडं धस्स व्हायला हवं, नाहीतर कापड वरून टांगायचं कशाला, पडदा म्हणून लावा.

आणि सिर व्हीलवाल्याबद्दल कुणीच बोलेना. 1768 मध्ये फिलिप ॲस्टली नावाच्या घोडेस्वाराने लंडनमध्ये घोड्याचे खेळ सुरू केले तिथून सर्कसचं रिंगण आलं, पुढे ते 42 फुटांवर पक्कं झालं, कारण तेवढ्या गोलात धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर माणसाला तोल धरून उभं राहता येतं. त्या रिंगणाला विंग नव्हती, चारी बाजूंनी लोक, लपायला जागाच नाही. तुमचं चाक बिचारं अजून गोल फिरतंय आणि डान्सर समोर तोंड करून सरळ रेषेत उभे, मग जोडल्यासारखं दिसणारच ना. एकदा तिन्ही बाजूंना खुर्च्या लावून बघा.

एकदोनतीनचार
खुर्च्यांचं पटलं. बाईने चाळीस मिनिटं बसण्यात काय वाईट होतं ते मात्र नाही पटलं, पण ते जाऊ दे.

अधांतरी
अपडेट. सिल्क सध्या गुंडाळून वर बांधलंय, परवा रिगर आला की बघू. तोवर जमिनीवरचं केलं. कापडाचे तुकडे दिले, पहिल्या दिवशी सगळे हसत होते, तिसऱ्या दिवशी सिल्कवाली एका डान्सरला रागावली की गाठ न तपासता सोडलीस, आणि तो जमिनीवर बसलेला होता! तेवढंच मी पीसमध्ये ठेवतोय.

खुर्च्या तीन बाजूंना लावल्या, ओळखीतले दहा-बारा जण बसवले. चाक शेवटी आडवं होत जातं, टेबलावर नाणं फिरून पडावं तसं, आणि खडखड वाढत जाते, तिथे आधी आम्ही ब्लॅकआउट करायचो. यावेळी लाइट ठेवला. चाक पूर्ण पडेपर्यंत कुणी हललं नाही, मग एक डान्सर त्याच लयीत तळव्यांनी फ्लोअरवर खडखड करत राहिली आणि बाकीचे लोळत निघाले. हे ठरलेलं नव्हतं. टाळी नाही आली. बोटं मात्र एकाची जवळजवळ चाकाखाली गेली होती, त्यामुळे ती जागा उद्या खडूने आखून घेतोय.